पंधराव्या गल्लीत रेंज नाही

प्रिय दादा,

आज संध्याकाळी वहिनी भेटीला येईल तेव्हा हे पाकीट तिच्या हातात असेल. तिने पत्र वाचलेलं नाही, मी चिकटवूनच दिलंय. समोर बसून सांगायचा प्रयत्न मी चारदा केला. पहिल्यांदा तू पाणी मागितलंस. दुसऱ्यांदा खिडकीचा पडदा सरकवायला लावलास, तिसऱ्यांदा डोळे मिटून घेतलेस, आणि परवा तर शेजारच्या खाटेवरच्या पेन्शनर काकांना मुद्दाम गप्पांत ओढलंस. मी काय बोलणार ते तुला माहीत असतं आणि तुला ते ऐकायचं नसतं. पण कागदाला काही तुला पाणी आणायला पिटाळता येणार नाही, म्हणून लिहितेय.

आधी घरचं सांगते. काल गवंडी येऊन मोरीची पायरी फोडून उतार करून गेला. काम बरं केलंय, पण सिमेंट ओलं आहे तोवर सगळ्यांना त्यावरून उडी मारून जावं लागतं. तुझी खाट माळ्यावरून खाली आणली. आईने तुझे कामाचे बूट पुसून दाराशी ठेवले होते, दोन्ही. वहिनीने त्यातला उजवा उचलून कपाटात टाकला, आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढून जोडीला ठेवला. गुडघ्याखालचा पाय गेला हे घरात आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण तसं म्हणायची वेळ आली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

गेले काही दिवस मला तुझं जुनं गोदाम फार आठवतंय. मी तेव्हा पदविकेच्या पहिल्या वर्षाला होते. तू शाळा सोडलीस तेव्हा घरात एकाच्याच शिक्षणाची सोय होती आणि ती तू न विचारता मला देऊन टाकलीस. यावर जास्त लिहीत नाही, लिहिलं तर तू पत्र फाडशील. पण कॉलेज सुटल्यावर मी तुझा डबा घ्यायला यायचे तेव्हा बघायचे, तुमच्याकडे कागदी याद्या असायच्या. यादी हातात पडली की तू ती एकदा वरून खाली वाचायचास, घडी करून खिशात घालायचास आणि गाडा घेऊन निघायचास. कुठल्या कप्प्यात कुठला खोका, हे सगळं तुझ्या डोक्यात. नवीन माणूस वाट चुकला की सुपरवायझर त्याला नकाशा दाखवायचा नाही, ‘दादाला विचार’ म्हणायचा. सगळं गोदाम तुला दादा म्हणायचं आणि मला त्याचा थोडा राग यायचा, कारण दादा माझा होता.

मग नवं गोदाम बांधलं. हातातल्या स्कॅनरवर काम चालणार, पुढची वस्तू कुठून काढायची ते स्कॅनरच सांगणार, असं ठरलं. त्या स्कॅनरना वायफाय पुरवण्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि साहेबांनी ते माझ्याकडे दिलं. माझं स्वतंत्रपणे केलेलं ते पहिलं मोठं काम. लोखंडी मांडण्या छतापर्यंत उभ्या राहिल्या होत्या, पण माल अजून एक खोकाही आला नव्हता. मोजणीचं यंत्र घेऊन मी प्रत्येक गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. सगळीकडे सिग्नल उत्तम. त्या हिशेबाने छताला वायफायचे अकरा पांढरे डबे टांगले. तुझी त्या दिवशी सुट्टी होती, तरी तू बघायला आलास. मी माणसाला छतापर्यंत उचलणाऱ्या लिफ्टवर उभी राहून स्क्रू पिळत होते आणि खाली तू वॉचमनला म्हणालास, ‘ती वर आहे ना, ती आमची.’ मला वरून ऐकू आलं. मी खाली बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

दादा, रिकाम्या खोलीत हाक मारली तर ती घुमते. तीच खोली गाद्यांनी भरली की हाक विरून जाते. वायफायचंही तसंच असतं, आणि पाण्यात तर ते पार गिळलं जातं. पुढे चौदा ते सतरा या गल्ल्यांत द्रव साबणाचे कॅन आले, जमिनीपासून छतापर्यंत. म्हणजे पाण्याच्या चार भिंतीच उभ्या राहिल्या. रिकाम्या जागेत केलेली मोजणी माल भरल्यावर पुन्हा करायची असते. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं आणि त्या विषयात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. पुन्हा मोजणी करायला मी गेले नाही. कोणी बोलावलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

तूच पहिल्यांदा सांगितलंस. रविवारी चहा पिताना म्हणालास, ‘बाई, तुझी यंत्रं डुलक्या काढतात.’ पडद्यावर गोल फिरत राहतो, बटणं दाबा नाहीतर शिव्या घाला, यंत्र ढिम्म. आणि वरच्या ऑफिसात त्या वेळेत माणूस रिकामा बसला असं दिसतं. पाच मिनिटं झाली की नावापुढे लाल खूण, आठवड्यात तीन लाल खुणा झाल्या की लेखी ताकीद. म्हणून सगळे काय करतात, तर पंधराव्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे मधला मोठा रस्ता छेदतो, तिथे येऊन स्कॅनर डोक्यावर धरून उभे राहतात. तिथे माझा सहा नंबरचा डबा आहे ना, त्याच्याखाली रेंज येते. त्या जागेला तुम्ही नाव ठेवलं होतं ‘हात वर चौक’. तू उभं राहून, कप डोक्यावर धरून करून दाखवलंस. वहिनी हसली, आई हसली, मीही हसले. आणि हसणं ओसरल्यावर मी काय विचारलं? बॅटरी नीट बसवता का, यंत्र खाली पाडता का. तुझा चेहरा उतरला. तू शांतपणे म्हणालास, ‘पाडत असू गं, पण सगळे जण पंधराव्या गल्लीतच येऊन कसे पाडू?’ मी आईला साखर मागितली.

त्यानंतर गोदामाकडून रीतसर तक्रार आली आणि मी तपासायला आले तो सोमवार होता. शनिवार-रविवारी माल बाहेर गेलेला, मांडण्या निम्म्या मोकळ्या. मी बॅटऱ्यांचे पत्रे घासून साफ केले, चार स्कॅनरमध्ये नवं सॉफ्टवेअर भरलं, दोन जुने बदलले. पंधराव्या गल्लीतून तीनदा चालले, एकदाही काही अडकलं नाही. तू गाडा ढकलत माझ्याजवळून गेलास आणि न थांबता म्हणालास, ‘गुरुवारी ये, माल भरल्यावर ये.’ मी हो म्हटलं. गुरुवारी मला दुसरीकडे काम होतं. शिवाय आमचं वर्षाचं कंत्राट नव्याने व्हायचं होतं, साहेबांना अहवाल मंगळवारी हवा होता. त्या अहवालात ‘बिघाडाचं कारण’ असा एक रकाना असतो आणि त्याखाली चार चौकोन असतात. यंत्रणेतील दोष. जागेतील अडथळा. वापरणाऱ्याची हाताळणी. आणि चौथा, कारण निश्चित नाही, पुन्हा तपासणी आवश्यक. तो चौथा चौकोन तिथे होता, दादा. मला दिसला होता. मी तिसऱ्यावर खूण केली, सही केली आणि घरी जाऊन जेवले. चौकात तुम्ही हात वर करत होतात ते निदान रेंजसाठी. मी मात्र कागदावर खरेखुरे हात वर केले.

त्यानंतर रविवारच्या चहाला तू स्कॅनरचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, चला, झालं दुरुस्त. तू गप्प झालास त्याचा मी मला सोयीचा अर्थ लावून घेतला.

अपघात झाला त्या शुक्रवारी मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुला आत नेलं होतं. बाहेर माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवणारा कप्तान जमिनीवर बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन. इतका आडदांड माणूस, पण दात वाजत होते त्याचे. मला बघितल्यावर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लागला, ‘तो वर बघत होता. मी हॉर्न वाजवला. तो वर बघत होता.’ बाकीच्यांना वाटलं, धक्क्याने बरळतोय. मला तिथल्या तिथे कळलं तू कुठे उभा होतास आणि वर काय बघत होतास. मी कप्तानला पाणी दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. कोणालाही काही सांगितलं नाही.

मग चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस तुझ्याकडे येऊन गेला आणि तू सांगितलंस की रस्त्यात उभा राहून मी मोबाइल बघत होतो, चूक माझीच. वहिनीने मला फोन करून सांगितलं. खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, ऐकल्यावर मला आधी हायसं वाटलं. क्षणभर नाही, चांगलं दिवसभर. म्हणजे स्कॅनरमुळे नव्हतं तर, असं मी स्वतःला पटवलं. मोबाइल बघणारा माणूस खाली बघतो, वर नाही, एवढं साधं मला त्या दिवशी सुचू दिलं नाही मी. दुसऱ्या दिवशी वहिनी तुझी पिशवी रिकामी करत होती. शर्टाची घडी घालता घालता म्हणाली, ‘मोबाइल तर लॉकरमध्ये होता. वॉचमनने माझ्यासमोर कुलूप काढलं. माझे सकाळपासूनचे फोन तसेच पडले होते त्यात.’ आणि माझ्याकडे बघितलं. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी उठून ओट्यावरची भांडी घासायला लागले, घासलेलीच होती ती.

अपघातानंतर सातव्या दिवशी साहेबांनी मला गोदामात पाठवलं. चौदा ते सतरामध्ये आणखी दोन डबे लाव, कागदावर ‘क्षमता वाढवली’ एवढंच लिही, मागचं उकरत बसू नकोस, असं बजावून. तो शुक्रवार होता, मांडण्या गच्च भरलेल्या. गेटमधून आत शिरले तर समोरच फळ्यावर सूचना लावलेली, ‘स्कॅनर अडकल्याची सबब ऐकून घेतली जाणार नाही.’ आणि तिच्याखाली पुरावा म्हणून माझा अहवाल. तिसऱ्या चौकोनातली खूण, खाली निळ्या शाईत माझी सही, पूर्ण नावाची. त्यावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे दोन महिने रोज सकाळी कामावर शिरताना तू ती सही बघत होतास. तुझ्याबरोबरचे पन्नास लोक बघत होते, आणि त्यांना माहीत होतं ती कोणाची बहीण. आणि रविवारी तू मला विचारायचास, चहात आलं हवं का.

डबे लावायच्या आधी मी एक स्कॅनर मागून घेतला आणि पंधराव्या गल्लीत शिरले. चाळीस पावलांवर तो अडकला. गोल फिरायला लागला. मी बंद करून चालू केला, पुन्हा तेच. मग मी चौकाकडे चालू लागले, आणि दादा, काय करतेय हे कळायच्या आत मी स्कॅनर डोक्यावर धरला होता आणि मान वर करून पडद्याकडे बघत होते. मागून हॉर्न वाजत असणार. मला तो ऐकू आला नाही. दुसऱ्या फोर्कलिफ्टवाल्याने उतरून माझ्या दंडाला धरून बाजूला ओढलं. त्याने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि परत जाऊन बसला.

मग ऑफिसात बसून मी नोंदी काढल्या. छतावरचा प्रत्येक डबा कोणता स्कॅनर कधी सुटला, कधी जोडला, हे लिहून ठेवतो. तुझा एकतीस नंबरचा स्कॅनर अकरा सतराला सुटला. अकरा सव्वीसला सहा नंबरच्या डब्याला जोडला गेला. अपघाताची वेळही कंपनीच्या कागदात अकरा सव्वीसच आहे. म्हणजे नऊ मिनिटं तू खटपट केलीस, मग चौकात आलास, हात वर केलास, आणि रेंज आली. त्यापुढच्या नोंदी मी वाचायला नको होत्या. तुला उचलून नेल्यावर तो स्कॅनर कुठल्यातरी मांडणीखाली सरकला असणार, कारण त्याची जोडणी नंतर एकदाही तुटली नाही. दुपारी चार बावन्नपर्यंत, बॅटरी संपेपर्यंत, तो पुढचा माल मागत राहिला. लाल खुणाही पडत राहिल्या, तुझ्याच नावापुढे.

त्या नोंदी मी छापून पिशवीत ठेवल्या आणि मग लिफ्टवर चढून दोन डबे लावले. खाली येऊन पुन्हा गल्लीतून चालले. कुठेही अडकलं नाही. सगळं मिळून दीड तास लागला, दादा. दीड तासाचं काम होतं.

यानंतर मी लगेच कुठे धाव घेतली असेन असं तुला वाटत असेल तर तसं नाही. दोन आठवडे ते कागद पिशवीत घेऊन मी कामावर जात होते, तुला भेटायला येत होते, सफरचंदं कापत होते. नोकरीची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही की आईला कळेल, वहिनीला कळेल, मग मी त्या घरात कुठल्या तोंडाने बसायचं. तू खोटं का बोललास हे मला त्या फळ्यासमोरच कळलं होतं. स्कॅनरचं नाव निघालं की माझं निघणार, म्हणून तू मोबाइल पुढे केलास. आणि मला ते चालत होतं. परवा वहिनीने सांगितलं की कंपनीचा माणूस टाइप केलेला जबाब घेऊन तीन दिवसांनी, म्हणजे आता उद्या, येणार आहे आणि तू सही करायला तयार आहेस. ती म्हणाली, ‘सही केली की सगळं यांच्याच माथी. ना भरपाई, ना बसून करायचं काम. पण हे ऐकतच नाहीत, काय करू?’ ती भिंतीकडे बघून रडत होती आणि तुझी लेक आतून विचारत होती काय झालं म्हणून. माझ्या हातात त्या वेळी तीच पिशवी होती.

आज सकाळी दहाला मी कामगार कार्यालयात गेले. बाकावर दीड-दोन तास बसवून ठेवलं. मग चौकशी अधिकाऱ्यांनी आत बोलावलं. वयस्कर बाई आहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नोंदींचे कागद, माझा जुना अहवाल आणि हाताने लिहिलेला माझा जबाब मी पुढे ठेवला. रिकाम्या गोदामात मोजणी केली, माल भरल्यावर केली नाही, सोमवारी तपासून मंगळवारी खोटं कारण लिहिलं, सगळं त्यात आहे. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘हे तुमच्याच अंगाशी येईल, कळतंय ना तुम्हाला?’ मी हो म्हटलं. मग नातं विचारलं. सख्खी बहीण म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, भावाला वाचवायला बोलताय असं समोरचे म्हणणारच. मी म्हटलं, म्हणून तर जुना अहवाल आणलाय, ती सही काही भावाला वाचवायला केली नव्हती. त्यांनी कागदांवर शिक्का मारून पोच दिली. मी बसथांब्यावर पोचायच्या आत साहेबांचा फोन आला, सोमवारपासून येऊ नकोस. बातमी इतक्या लवकर कशी पोचली कोण जाणे. वायफायपेक्षा जलद. आता इथे, कार्यालयासमोरच्या चहाच्या दुकानात बसून लिहितेय.

हे पत्र माफीसाठी नाही. ती मागायला मी येईन, आणि तेव्हा तू पाणी मागितलंस तरी उठणार नाही. हे उद्यासाठी आहे. सकाळी तो माणूस टाइप केलेला कागद घेऊन येईल, त्यावर सही करू नकोस. बाराच्या सुमारास चौकशी अधिकारी बाई स्वतः वॉर्डात येणार आहेत. त्या विचारतील, तुम्ही रस्त्याच्या मधोमध का उभे होतात? स्कॅनर अडकला होता, एवढं सांग. का अडकला विचारलं तर माहीत आहे तेवढं सांग, तक्रारीचं काय झालं विचारलं तर फळ्यावरच्या कागदाचं सांग. वहिनी समोर असेल, असू दे. माझं नाव येईल म्हणून तू तिथे अडखळशील हे मला माहीत आहे. अडखळू नकोस, दादा. ते नाव मी आज सकाळीच माझ्या हाताने लिहून दिलंय. आता तुझ्या खोटेपणाने वाचेल असं कोणी उरलेलं नाही.

कशीही असले तरी तुझीच,
बारकी